फिल्टरचं तेल उडतं तरी कुठे?

गॅरेजवाल्याच्या हाती गाडी देणं म्हणजे बोक्याला दुधाची राखण सांगणं, असं आमच्या पान्हाबहाद्दरांचं ठाम मत होतं. "माझ्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही!" ही त्यांची प्रतिज्ञा अख्ख्या इमारतीला पाठ होती. पान्हाबहाद्दर हे नाव त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने ठेवलेलं. मोटरसायकल मात्र खरोखर देखणी! उंच, दणकट, डांबरी रस्त्यावर पळणारी आणि डांबर संपलं की दगडधोंड्यांतूनही तितक्याच जोमाने पळणारी. माझ्यापेक्षा तिच्यावर यांचा जीव जास्त, असं बायको म्हणायची, आणि ते खोटं आहे असं यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.

तर एका शनिवारी त्यांनी एअर फिल्टर साफ करायला काढला. सीट उतरवली, डब्याचं झाकण उघडलं आणि आतला मातकट स्पंज पाहून भडकले. रस्ते बांधणाऱ्यांना, ट्रकवाल्यांना आणि साक्षात वाऱ्याला शिव्या देत त्यांनी तो धुतला, वाळवला आणि संध्याकाळी त्याला मेहुण्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेलं खास तेल चोळलं. निळंशार, चिकट तेल. आत घुसणारी धूळ त्याला चिकटते आणि इंजिन वाचतं. कोरडा फिल्टर लावला तर धुळीला रान मोकळं! तेल नीट मुरावं म्हणून त्यांनी फिल्टर मागच्या गॅलरीत दोरीला चिमट्याने लटकवला आणि निळे हात घेऊन समाधानाने झोपले.

सकाळी पाहतात तो काय! फिल्टर कोरडा ठणठणीत! निळेपणाचा मागमूस नाही!

आता हे गृहस्थ विमा कंपनीत दावे तपासायचे. जळालेल्या दुकानाचा मालक समोर रडत असला तरी हे आधी त्याच्या खिशात काडेपेटी आहे का ते बघायचे. त्यांनी फिल्टर नाकाला लावला. साबणाचा वास! झालं, तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझा भाऊ साबणाच्या पाण्यात निळा रंग घालून तेल म्हणून विकतो!" ते स्वयंपाकघरात गरजले.

"माझ्या भावाला चोर म्हणायचं काम नाही!" बायकोने हातातला झारा त्यांच्यावर रोखला.

इतक्यात बाबा आले. पान्हाबहाद्दरांचे वडील. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. तेही सकाळपासून घुश्श्यातच होते.

"या घरात स्वच्छतेची चाड म्हणून कुणाला नाही! काल रात्री..."

"बाबा, आत्ता नको! इथे माझी फसवणूक झालीय!"

"अरे, पण ऐकून तर..."

"नंतर!" म्हणत पान्हाबहाद्दर निघालेसुद्धा.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर यांनी मेहुण्याचे असे काही वाभाडे काढले, की दोघं हातातला माल ठेवून चालते झाले.

"भावोजी, तेल कधी उडतं का? ते काय अत्तर आहे?" मेहुणा काकुळतीला आला. "ही घ्या नवी बाटली. तुमच्या हाताने सील फोडा."

यांनी फोडलं. घरी येऊन फिल्टर पुन्हा निळा केला, पुन्हा लटकवला. दुपारी जरा डोळा लागला. उठून बघतात, तर फिल्टर पांढरा स्वच्छ, किंचित ओलसर, आणि वास तोच!

आता मात्र त्यांचा पारा असा चढला की चप्पलही न घालता ते जिन्यातून खाली उतरू लागले. बायकोने कॉलर धरून मागे ओढलं आणि भावालाच बोलावून घेतलं. मेहुणा आला तो दुकानातलं सगळ्यात महागडं तेल घेऊन, लालबुंद होऊन.

"भावोजी, माझी दोन गिऱ्हाइकं तोडलीत तुम्ही! आता मी स्वतः तेल लावतो. आपण सगळे बाहेरच्या खोलीत बसू, चहा घेऊ आणि मग बघू. तेल उडालं, तर उद्यापासून दुकानाला कुलूप! आणि नाही उडालं तर?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पान्हाबहाद्दर गरजले, "नाही उडालं तर ही गाडी तुझी!"

मेहुण्याचा त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा होता.

"ताई, ऐकलंस ना?"

"शब्दन् शब्द," बायको म्हणाली.

फिल्टर लटकला. मंडळी चहा पीत बसली. पान्हाबहाद्दर घडीघडी घड्याळ बघत होते. गाडी गेली तर? छे! कशी जाईल? तेल दोनदा उडालं होतं, तिसऱ्यांदाही उडणारच होतं. ते मनातल्या मनात तेलाला उडण्याची विनवणी करू लागले.

एवढ्यात न्हाणीघरातून आरोळी आली.

"कोण आहे तो नालायक?"

बाबा बाहेर आले. कोपरापर्यंत फेस, बोटं निळी आणि हातात अर्धवट धुतलेला, टपटप गळणारा फिल्टर!

"तिसऱ्यांदा धुतोय मी हा स्पंज! तिसऱ्यांदा! चाळीस वर्षं हॉटेलच्या चादरी धुतल्या, पण असा निर्लज्ज डाग पाहिला नाही! मी धुऊन लटकवतो आणि कुणीतरी येऊन परत बरबटवतं! कोण आहे? आज त्याला सोडणार नाही!"

बायकोने तोंडाला पदर लावला. मेहुण्याने कप खाली ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"बाबा!" पान्हाबहाद्दरांचा आवाज फाटला. "अहो, एकदा विचारायचं तरी मला!"

"विचारायचं? सकाळपासून सांगतोय, तर 'नंतर, नंतर'! दुकानात जाऊन गाव गोळा करायला वेळ आहे, बापाचं वाक्य ऐकायला नाही!"

पान्हाबहाद्दरांचा राग तर अजून भडाभडा पेटलेला, पण तो काढायचा कुणावर? तेलावर? तेल बिचारं खरं निघालं होतं.

"राहू द्या, भावोजी," मेहुणा म्हणाला, पण त्याचा हात पुढे झालाच होता.

"मी बोललो ते बोललो!" पान्हाबहाद्दर दात ओठ खात म्हणाले, आणि मनात आशा करत राहिले की बायको मध्ये पडेल. बायकोने खुंटीवरची किल्ली काढली आणि भावाच्या हातावर ठेवली.

मेहुण्याने दुकानातून नवा फिल्टर मागवला, तिथेच बसवला आणि गाडी सुरू केली. काय आवाज होता! पान्हाबहाद्दर खिडकीशी उभे राहून तो आवाज वळणावर नाहीसा होईपर्यंत ऐकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही त्यांना भयंकर राग आला.

शेजारी बाबा हात पुसत उभे राहिले. मुलाच्या पाठीवर त्यांनी ओलाच हात ठेवला.

"गेली ते बरं झालं रे," ते म्हणाले. "फार तेलकट होती."