सोजराबाईचा अळणी कारभार

"महिनाभरात ह्यांचं बीपी येशीबाहेर काढते का न्हाई बघा!" पुसेगावच्या सोजराबाईनं सगळ्या गल्लीला ऐकवलं.

हिंगोलीच्या डॉक्टरनं तिच्या नवऱ्याला, नरसिंगरावांना, बीपीसाठी रोज एक लघवी वाढवणारी गोळी दिली होती आणि सांगितलं होतं, "मीठ कमी करा." सोजराबाईनं कमीबिमी केलं नाही, साफ बंदच केलं! वर कुणाचं तरी ऐकून दिवसाला दहा तांबे पाणी. दिवाळीत तिचा धाकटा भाऊ उभ्या उभ्या छाती धरून गेला होता. त्यालाही बीपीच होतं. तेव्हापासून ती बीपीला सवतीसारखी पाण्यात पाहत होती.

पिठलं अळणी, वरण अळणी. नरसिंगराव एक घास घ्यायचे आणि भिंतीकडं बघायचे.

"चव लागून राहिली का?"

"लई!"

पंधराव्या दिवशी त्यांनी सदरा उलटा घातला. सोळाव्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीला रामराम केला. "भावजी, बसा की! उभे काहून?"

शेजारची कमलबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मालक सकाळीच पिऊन आले जणू!"

सोजराबाईलाही हसू फुटलं. तेवढ्यात नरसिंगराव वळले आणि तिलाच हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

हसू तोंडावरच वाळलं.

हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये ती त्यांना घट्ट धरून बसली. ते तिच्या कानाशी लागले. "बाई, आमच्या घरात मीठ न्हाई. पन माझ्या मंडळीला बोलू नका. भाऊ गेला तिचा, लई भ्याली ती. मी झोपलो की छातीवर हात ठेवून ठोके मोजती. मी जागाच असतो. मोजू देतो."

सोजराबाईनं पदरात तोंड घातलं.

दवाखान्यात डॉक्टरनं रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. "मावशी, सोडियम एकशे बारा! एकशे पस्तीसच्या खाली जायला नको. पोटॅशियमही घसरलंय. रक्तातल्या क्षारांचा तोल गेला की माणूस भ्रमतो, हृदयाचे ठोके चुकतात. मी मीठ कमी करा म्हणालो होतो की बंद?"

"म्या म्हणलं, कमी करून एवढा गुण, तर बंद केल्यावर..."

सलाईन थेंबथेंब चाललं. चौथ्या दिवशी नरसिंगरावांनी तिला ओळखलं. "सोजरा, काहून रडून राहिली?" जीपमधलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

घरी सोडताना डॉक्टर कागदावर लिहू लागले. मीठ किती, पाणी किती, गोळी कोणती. "इथून पुढं हृदयाला फार जपावं लागेल, मावशी. दर महिन्याला रक्त तपासायचं."

"बराबर लिवा, डॉक्टरसाहेब. आन् खाली सही करून एवढं बी लिवा, की हे मरनार न्हाईत."

पेन थांबलं. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला.

"तेवढं सोडून काहीही विचारा, मावशी."

सोजराबाईनं पदरानं डोळे टिपले. मग ओशाळून पुटपुटली, "मंग... लोणच्याचं कसं?"