लाथ, पोतं आणि साळूबाईंची शिंक

पोट कमी करायचं ठरवलं, ही माझी चूक. ते फुकटात कमी करायचं ठरवलं, ही माझी सवय. पुढं जे झालं त्यात चुकीचा वाटा किती आणि सवयीचा किती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

तीर्थपुरीत माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे. रामकिसनशेठ म्हणतात मला. शाळा सातवीपर्यंत झाली, उरलेलं शिक्षण गिऱ्हाइकांनी पूर्ण केलं. व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. एकच होतं, आणि ते रशीदच्या शेडमध्ये भागायचं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. एस.टी. स्टँडमागं रशीदनं पत्र्याचं शेड ठोकून व्हिडिओ हॉल काढला होता. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि बसायला खाली बारदान. ते बारदान माझ्या दुकानातलं, म्हणून मला प्रवेश कायमचा फुकट. (दोन पोती घडी करून एकावर एक टाकली की त्याला बाल्कनी म्हणायचे. मी बाल्कनीत बसायचो.)

तिथं कराटेचे पिक्चर लागायचे. स्वस्तातले. ते चीनहून यायचे की आणखी कुठून, कुणाला ठाऊक; पण पात्रं इंग्रजीत बोलायची आणि इंग्रजी आमच्यात कुणालाच येत नव्हतं. म्हणून रशीद हातात छडी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा आणि भाषांतर करायचा.

"ये बोल रा, मेरे उस्ताद कू तू मारा."

"वो बोल रा, हौ, मारा. क्या करता?"

"ये बोल रा, रुक, बताता."

की लगेच हाणामारी. मला सांगा, माणसाला याहून जास्त गोष्ट लागते कशाला? (इंग्रजी रशीदलाही येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्याच्या भाषांतराची सवय झाली होती.)

पण माझा जीव खरा जडला तो त्या लोकांच्या काटकसरीवर. एक अंगण, एक माठ, मोडायला एक टेबल आणि म्हाताऱ्या उस्तादाला चिकटवलेली पांढरी दाढी, जी एका कानापाशी नेहमी सुटलेली असायची. एवढ्या भांडवलात पूर्ण पिक्चर! निळ्या सदऱ्यात मेलेला माणूस थोड्या वेळानं काळा सदरा आणि मिशी लावून परत यायचा, पुन्हा मरायचा. बाकी प्रेक्षक हसायचे. मी मात्र मान डोलवायचो. लग्नात आहेर आलेली टॉवेल-टोपी मीही पुढच्या लग्नात अशीच फिरवतो.

प्रत्येक पिक्चरमध्ये एक जाडा माणूस असायचा. तो मोठ्यानं ओरडत यायचा, पहिल्याच लाथेला भाजीच्या टोपल्यात पडायचा आणि संपायचा. एकदा मी रशीदला विचारलं, "बाकीचे मेलेले परत येतात, हा जाडा का येत नाही?"

"सेठ," रशीद म्हणाला, "उसका पेट पैचान में आता."

मी पोट धरून हसलो. धरायला पोट भरपूर होतं.

त्याच सुमारास मी एका सकाळी एका पायात माझी आणि एका पायात बायकोची चप्पल घालून दुकानात गेलो. गिऱ्हाईक हसायला लागलं तेव्हा समजलं. घरी आल्यावर उषा म्हणाली, "अहो, तुम्हाला पाय दिसतेत का? शेवटचे कधी बघितल्ते?"

मनाला लागलं. ठरवलं, आपणही त्या पिक्चरवाल्यांसारखी तालीम करायची. ते लोक वाळूचं पोतं टांगून लाथा मारतात. पण वाळू आणायची म्हणजे बैलगाडी आली, खर्चा आला. गोदामात पोती कमी होती का? तांदळाला लाथ मारली तर कणी होणार. मिठाला मारली तर पाय मोडणार. गुळाचा विचारच नको. राहता राहिली गुंटूरची वाळलेली मिरची. हलकी, मऊ, पाय गादीत गेल्यासारखा जातो. शिवाय लाथेनं मिरचीची देठं सुटतील, म्हणजे देठं खुडायची मजुरी वाचेल. एका लाथेत दोन कामं! त्या चिनी लोकांनासुद्धा हे सुचलं नव्हतं. (का सुचलं नव्हतं, ते पुढं येतंच आहे.)

पोतं आढ्याला टांगलं. दुपारी सगळे झोपले की मी गोदामात हळूहळू लाथा मारायचो. पोट होतं तिथंच राहिलं, पोत्याचा टाका मात्र सैल होत गेला.

आता माझी मेहुणी नंदा. उषाची धाकटी बहीण. सासरे गेल्यापासून सासूबाई चांगुणाबाई आणि नंदा आमच्याकडंच होत्या. नंदाला बघायला माणसं यायची, पोहे खायची, "कळवतो" म्हणायची आणि कळवायची नाहीत. असं करता करता घनसावंगीहून एक स्थळ आलं. मुलगा मच्छिंद्र, मोटार वायंडिंगचं दुकान, हात एकदम साफ. आमच्या विहिरीची मोटार त्यानंच भरून दिलेली, तेव्हा नंदानं त्याला चहा दिला होता. ती काही बोलली नाही, पण पाहुणे यायच्या दिवसासाठी साडीला इस्त्री तिनं दोनदा केली.

अडचण एकच. मुलाची आई साळूबाई शिंकेला फार मानायची. याआधीच्या एका घरी मुलगी नाव सांगणार तेवढ्यात कुणीतरी शिंकलं, तर ही बाई भरलेली कपबशी खाली ठेवून उठून गेली होती.

"ऐका," चांगुणाबाईंनी हुकूम सोडला, "पाहुणे जाईपर्यंत या घरात कुणी शिंकायचं न्हाई. जावाई, तुम्ही बी न्हाई."

मंग काय, सुरू झाला बंदोबस्त. पोह्यांची फोडणी पहाटेच दिली. चांगुणाबाईंनी स्वतःची तपकीर बंद केली, त्यामुळे त्या दिवसभर कुणावरही खेकसत होत्या. शेजारच्या गयासोद्दीनचाचांना बारमाही सर्दी. त्यांना आमच्या पैशानं बहिणीला भेटायला पाठवलं. मीसुद्धा एक कल्पना लढवली. गोदामाची हवा थंड असते, म्हणून बैठकीकडं उघडणाऱ्या गोदामाच्या दारातच, तेलाच्या डब्यावर टेबल फॅन ठेवला. तोंड पाहुण्यांकडं. पाठीमागं गोदाम.

पाहुणे आले आणि लाईट गेली.

मुलाचे वडील भुजंगराव दिलखुलास माणूस, पोह्यांवर प्रसन्न. साळूबाई मात्र सगळ्यांच्या नाकाकडं बघत बसल्या होत्या. मच्छिंद्र मान खाली घालून गप्प. मी शेतीचं विचारलं, "हं." धंद्याचं विचारलं, "हं." तेवढ्यात उषाच्या हातून ट्रेमधला कप घसरला, आणि त्या पोरानं मान वर न करता तो हवेतल्या हवेत धरला. एक थेंब सांडला नाही.

मी वळखलं! त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "रशीदच्या शेडमधी जाता काय?"

पोरगं लाल झालं. "बाजाराच्या दिवशी," तो पुटपुटला. "आईला सांगू नका."

"बाल्कनीत?"

"न्हाई, खालीच."

माझं मन भरून आलं. इतके दिवस आम्ही एकाच बारदानावर होतो! म्हटलं, बिचारं पोरगं आईसमोर आखडून बसलंय, जरा मोकळं करू. "हे जरा माल बघतेत," असं भुजंगरावांना सांगितलं आणि फॅनच्या बाजूनं अंग चोरत त्याला गोदामात घेऊन गेलो. (माझं अंग काही पूर्ण चोरलं गेलं नाही, पण निघालो.)

पोतं बघून त्याचे डोळे चमकले. चप्पल काढली, पँटची घडी वर केली आणि सपकन अशी लाथ मारली की पोतं आढ्यापर्यंत जाऊन आलं.

"वा!" मी म्हणालो.

"आता तुम्ही मारा, दाजी."

दाजी! बोलणी पक्की झाली नव्हती आणि पोरगा दाजी म्हणाला. अशा वेळी व्यापाऱ्यानं विरघळू नये. मी विरघळलो. धोतराचा सोगा खोचला, उस्तादाचं नाव घेतलं आणि आयुष्यातली पहिली पूर्ण लाथ मारली. पाय पोत्यात गेला. गेला तो गेलाच. मी एका पायावर, दुसरा पाय मिरचीत, पोतं झोके घेतंय, पाठीमागून मच्छिंद्रानं मला काखेत धरलंय. तेवढ्यात टाका वरून खालपर्यंत टर्रकन उसवला.

अंधारात मिरची आमच्यावर कोसळली. आम्ही श्वास कोंडून उभे. बैठकीतून साळूबाईंचा आवाज येत होता, "पुरणपोळी जमती का?" आणि नंदाचा, "जमती." एकही शिंक नाही. मी खुणेनं म्हटलं, थांबा, धूळ बसू द्या, हळूच निघू.

आणि लाईट आली.

फॅननं एकदा कुरकुर केली आणि मग गोदामातली सगळी हवा, गुंटूरसकट, पाहुण्यांच्या तोंडावर नेऊन ओतली.

पहिली शिंक साळूबाईंची. सोड्याची बाटली फुटावी तशी. मग भुजंगराव, त्यांच्या तोंडातले पोहे कॅलेंडरपर्यंत गेले. मग उषा. मग चांगुणाबाई, ज्यांच्या दिवसभराच्या तुंबल्या होत्या. बैठकीत कुणी कुणाला दिसेना, डोळ्यांना धारा, आणि मध्येच भुजंगराव, "आरं, आग लागली काय?"

तेवढ्यात दारात नंदा आली. पदर तांब्यात बुडवून नाकातोंडाला गच्च बांधलेला, फक्त डोळे दिसत होते, हुबेहूब पिक्चरमधल्यासारखी. लाथेनं फॅन बाजूला सारला, आत शिरली, मच्छिंद्राची कॉलर धरली आणि त्याला ओढत बाहेर नेलं.

"नंदे, मी!" मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही नंतर!"

नंतर कुणी आलं नाही. मी आपला आपण निघालो, फाटलेलं पोतं पायात ओढत. बैठकीत आलो तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. काय झालं हे सांगायची गरज राहिली नव्हती.

"उठा हो," साळूबाई डोळे पुसत भुजंगरावांना म्हणाल्या. "या घरात थांबायचं न्हाई. केवढा हा अपशकुन!"

नंदा दाराशी उभी होती. पदर अजून तोंडाला, पण डोळ्यांतलं पाणी मिरचीचं नव्हतं, हे मलासुद्धा कळलं. पोत्यातला माझा पाय मला तोडून टाकावासा वाटला.

चांगुणाबाई मात्र पुढं सरसावल्या. "विहीणबाई, जरा थांबा. पहिली शिंक कुणाची?"

मग त्यांनीच हिशेब मांडला.

"तुमची. आमच्या घरातलं एक बी माणूस तुमच्या आधी शिंकलं न्हाई. आता तुम्हीच तुमच्या लेकाला अपशकुन केला म्हणायचं, तर म्हणा."

"आगं, बराबर बोलून राह्यल्या त्या," भुजंगराव म्हणाले आणि पुन्हा शिंकले. "एवढ्या शिंकांत बरी कोणती अन् वाईट कोणती, कोण निवडत बसणार?"

"मिसळलेला माल आहे," मी म्हणालो. "एकाच भावानं घ्यावा लागतो."

"तुम्ही गप बसा," उषा म्हणाली.

मग मच्छिंद्र बोलला. चारचौघांतलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य, तेही बसलेल्या घशातून. "आई, मला पोरगी पसंत हाये."

साळूबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग नंदाकडं. मग हळूच म्हणाल्या, "पोरगी शिंकली न्हाई."

खरंच की! त्या एवढ्या धुमाकुळात नंदा तेवढी शिंकली नव्हती.

"एवढ्या मिरचीत जिला शिंक आली न्हाई," साळूबाई खाली बसत म्हणाल्या, "तिचा पाय चांगला हाये. आणा साखर."

साखर आणायला मीच उठलो. पोत्यासकट.

लग्न झाल्यावर नंदानं गुपित सांगितलं. गोदामात शिरल्या शिरल्या ती शिंकली होती. पदरामुळं आवाज बाहेर गेला नाही, पण शेजारी उभ्या मच्छिंद्रानं ऐकला. तो म्हणाला होता, "आईला सांगू नका." त्यांच्या संसारातलं पहिलं बोलणं ते. (मलाही त्यानं आधी तेच सांगितलं होतं. पोरगा एकंदरीत भरवशाचा.)

मला वाटलं, आता तरी घरात माझी किंमत वाढेल. मी नसतो तर मिरची उधळली नसती आणि लग्न जमलं नसतं, असा हिशेब मी उषाला समजावला. तिनं तो ऐकून घेतला आणि मला झाडू दिला.

पुढं दिवाळीला नंदा आणि जावई आले. मच्छिंद्रानं हट्टानं सगळ्यांना रशीदच्या शेडमध्ये नेलं. उषा आयुष्यात पहिल्यांदा आली. रशीदनं आमच्यासाठी बाल्कनी दुप्पट जाड केली. पिक्चर सुरू झाला. उस्ताद मेला, दाढी सुटली, आणि ओरडत ओरडत तो जाडा आला. पहिल्याच लाथेला टोपल्यात. नेहमी हसणारं शेड यावेळी हसलं नाही. सगळं शेड वळून माझ्याकडं बघत होतं. रशीदनं गावभर गोष्ट सांगितलेली दिसत होती, आणि तीही भाषांतर करून.

उषानं मात्र पिक्चर शेवटपर्यंत मन लावून बघितला. संपल्यावर पदर सावरत ती गंभीरपणे म्हणाली, "अहो, बाकीचे मेलेले समदे सदरे बदलून परत आल्ते. तुम्हीच कसे न्हाई आलात?"

रशीदनं छडी खाली केली आणि अदबीनं म्हणाला, "भाभी, पेट पैचान में आता."