सासूबाईंच्या गावाचा बॅकअप

सासूबाई लेकीबरोबर डोळे तपासायला बाहेर पडल्या आणि जावयाने त्यांचा गेम हातात घेतला. हातात मावणारा तो कन्सोल कंपनीने आपल्या रीतीने चालावा म्हणून बनवला होता. जावयाने त्याला केव्हाच स्वतःच्या रीतीने चालायला लावलं होतं. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला बागेचा. याला चांगली चालणारी वस्तू उघडून बघण्याचा नाद होता.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या निवृत्त मेट्रन. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांना करमावं म्हणून जावयाने कन्सोल दिला. त्यात तळ्याकाठच्या एका गावाचा गेम होता. बागा लावायच्या, मासे धरायचे, गावकऱ्यांची विचारपूस करायची. गुडघा बरा झाला, पण गाव सुटलं नाही. रोज सकाळी चहा झाला की सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर करायच्या, "मी राउंडला जाऊन येते." त्यांच्या गावातली गुलाबाची रोपं वॉर्डातल्या खाटांसारखी सरळ रांगेत होती, आणि कुठल्याही गावकऱ्याची कुरकुर दुसऱ्या दिवसावर जात नव्हती. त्यांचं त्या गावावर खरंच प्रेम होतं, आणि ते लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

जावयाला फक्त बूटलोडर बदलायचा होता. बूटलोडर म्हणजे यंत्र जागं झालं की त्याला 'ऊठ, आणि या वाटेने जा' असं सांगणारा छोटासा प्रोग्राम. जुना उत्तम चालत होता. पण नवी आवृत्ती आली म्हटलं की जावयाचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

आता हा माणूस नोकरीत काय करतो? ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचे बॅकअप सांभाळतो. एका बाईंची फाइल उडाली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा यानेच विचारलं होतं, "बॅकअप नाही? मग रडून काय उपयोग?" अर्थात घरीही त्याने कन्सोलचं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि शिस्तीत बॅकअप सुरू केला. पडद्यावर आलं, तासभर लागेल. मायलेकी जेवायच्या आत परतणार होत्या.

"मागचा आहेच की," जावई स्वतःशी म्हणाला आणि त्याने बॅकअप मधेच थांबवला. हेच वाक्य ऑफिसात दुसरं कुणी बोललं असतं तर त्याची काही धडगत नव्हती.

नवा बूटलोडर चढवला, कन्सोल चालू केला, गेम उघडला. तळं दिसलं. पाखरं ओरडली. मग पडद्यावर ओळ उमटली, 'आपलं स्वागत आहे! नव्या गावाला काय नाव द्याल?'

त्याने कन्सोल बंद करून चालू केला. पुन्हा स्वागत. आणखी एकदा केला. गेम तितक्याच प्रेमाने नाव विचारत राहिला. एवढ्यावर तो हात बांधून बसला असता तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. पण हुशार माणसाला हात बांधून बसणं जमत नाही. त्याने गेल्या वर्षीचा बॅकअप शोधला आणि अख्ख्या कार्डावर चढवला.

या वेळी जुन्या बूटलोडरसकट गाव आलं, पण गेल्या वर्षीचं. तळ्यावरचा पूल नव्हता, दिवे नव्हते, गुलाबांच्या जागी नुसतं रान माजलं होतं. त्याने ऑफिसातल्या जोडीदाराला फोन लावला. त्यालाही हाच नाद होता.

"अरे, नवा बूटलोडर टाकला आणि सासूबाईंचं सगळं उडालं!"

"उडेल कसं? यंत्रात दोन सिस्टिम आहेत ना तुझ्या? एक पोटातली, कंपनीची. दुसरी तिची नक्कल, तू कार्डावर ठेवलेली. त्या खेळतात कुठल्या?"

"कार्डावरच्या."

"मग झालं तर. नवा बूटलोडर आपणहून कंपनीच्या सिस्टिममध्ये नेतो. तिथे त्यांचं गाव कधी नव्हतंच. सेटिंगमध्ये एक ओळ बदल, गाव हजर."

"म्हणजे गेलं नव्हतं?"

"छे! कार्डावर शाबूत असणार. कार्डाला हात नाही ना लावलास?"

"त्यावर मी गेल्या वर्षीचा बॅकअप चढवला."

"मग आता गेलं," जोडीदार म्हणाला. "पण आधी ताजा बॅकअप घेतला असशीलच की."

"नाही."

"तू?" जोडीदाराने विचारलं, आणि त्या एका अक्षराने जावयाची नोकरीतली सगळी अब्रू धुऊन निघाली.

दाराची बेल वाजली. सासूबाई लेकीचा हात धरून, चाचपडत आत आल्या. "डोळ्यांत थेंब घातलेत हो. संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसायचं नाही म्हणाले."

"वा!" जावई म्हणाला.

"वा काय?" बायकोने विचारलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं. "काय करून ठेवलंयस?"

त्याने सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि मग तोच हात कन्सोलसाठी पुढे केला. "आण इकडे. संध्याकाळपर्यंत पूल तरी उभा करू."

पूल उभा करायला लाकडं लागतात, लाकडांना कुऱ्हाड लागते आणि कुऱ्हाड घ्यायची तर मासे विकावे लागतात. बायको मासे धरायला बसली. तिच्या गळाला सारखा बूटच लागत होता. "ओढ ना!" "ओढतेच आहे!" "आत्ता नको, आत्ता नको!" "मग तूच धर!" अशी त्यांची कुजबूज चालली होती.

"जावईबापू," बाहेरून हाक आली, "माझा आजचा राउंड राहिलाय. तुम्ही तरी जाऊन येता का? गुलाबांना पाणी घाला."

"घालतो, आई."

"आणि पुलावरून जाल तेव्हा खाली बघा. काल सकाळी मोठा मासा दिसला होता."

"बघतो, आई," जावई म्हणाला. बायको तोंडावर उशी दाबून हसत होती.

"घातलं का पाणी?"

आता मात्र जावयाला राहवलं नाही. ती बाई तिकडे डोळे मिटून, विश्वासाने आपल्या गुलाबांची चौकशी करत होती आणि हा रानात उभा राहून थापा मारत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो कन्सोल घेऊन बाहेर गेला.

"आई, पाणी नाही घातलं. गुलाब नाहीत. पूलही नाही. मी तुमचं गाव घालवलं." मग त्याने सगळं सांगितलं, न घेतलेल्या बॅकअपसकट.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "पेशंटला काही होत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही उगाच ऑपरेशन केलंत."

त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. जेवून त्या पडल्या. संध्याकाळी दिसू लागल्यावर चष्मा लावून त्यांनी कन्सोल मागितला. "बघू तरी काय उरलंय." दोघंही शिक्षा झालेल्या पोरांसारखी समोर उभी राहिली. सासूबाई रानातून वाट काढत तळ्यापाशी गेल्या आणि एकदम ताठ बसल्या.

"अगंबाई! होडीवाला इथे कसा?"

"कोण होडीवाला?" बायकोने विचारलं.

"अगं, हिवाळ्यात गाव सोडून गेला तो! रोज होडी दुरुस्त करून मागायचा. एकदा माझा गुडघा ठणकत होता, बोलले काहीतरी लागेल असं. दुसऱ्या दिवशी घर रिकामं. पूल बांधला तो त्याची होडी गेली म्हणूनच." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "त्याला आठवतंय का मी बोललेलं?"

"नाही, आई. तुम्ही अजून बोललाच नाही आहात."

सासूबाईंनी आधी होडी दुरुस्त करून दिली. मग बराच वेळ त्या नुसत्या त्या होडीवाल्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की जावयाला दोन घास जास्त जेवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी हाक आली, "जावईबापू, बॅकअप घ्या. पूर्ण घ्या, मधे थांबवू नका. मला आज गावातल्या बेकरीवालीला चार शब्द सुनावायचेत."

जावयाने ऑफिसला उशीर करून बॅकअप घेतला. सासूबाईंनी सुनावलं. बेकरीवाली तणतणत गाव सोडून गेली.

"आता परत आणा तिला," सासूबाई तृप्तपणे म्हणाल्या. "काय सोय आहे हो! माझ्या वॉर्डात ही सोय असती ना, तर मोठ्या डॉक्टरांना मी रोज सकाळी एकदा मनापासून बोलून घेतलं असतं." एवढं बोलून त्यांनी कन्सोल जावयाच्या हातात दिला आणि निवांतपणे चहाचा कप उचलला.