पाहुणा पुढे, शववाहिका मागे

बॅलीकिन्नानच्या सर्कलमध्ये अपघात होऊ नयेत म्हणून नेमलेल्या समितीचे अध्यक्ष श्री. मॅलकी टूही त्या सकाळी पिवळं जाकीट घालून रस्त्याच्या कडेला उभे होते. उन्हाळा लागला की आयर्लंडच्या या किनाऱ्यावर अमेरिकन माणसं येतात, भाड्याची गाडी घेतात आणि जन्मभराची उजव्या बाजूची सवय घेऊन आमच्या सर्कलमध्ये शिरतात. गेल्या वर्षी एक जण उलटा शिरला आणि थेट मधल्या फुलांच्या ताटव्यात जाऊन थांबला. माणसाला काही झालं नाही, पण फुलं गेली. फुलं गेल्यावर गाव जागं झालं.

टूही दूध संघाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मागे एकदा सुट्टीसाठी स्पेनला गेले असताना पहिल्याच सर्कलमध्ये ते स्वतः उलटे शिरले होते. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. इतरांना शिस्त लावण्याची तळमळ त्यांच्या मनात त्याच संध्याकाळी उत्पन्न झाली.

योजना साधी होती. परदेशी चालकाच्या गाडीला मागे ‘पाहुणा’ अशी चुंबकाची पिवळी पाटी लावायची. समितीचा मार्गदर्शक शेजारी बसणार. सरावासाठी एक पूर्ण फेरी सक्तीची. पाहुणा सर्कलमध्ये असेपर्यंत मागच्या गाडीनं त्याला ओलांडायचं नाही आणि त्याच्याआधी बाहेरही वळायचं नाही. कारण मागचा वळला की पाहुण्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. थांबायचं तर कुणीच नाही. हे सगळं टूहींच्या डोक्यातून निघालं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

त्या दिवशीची पाहुणी नेब्रास्काची मार्सी. चाळिशीची, डोळे रडून सुजलेले.

"माझ्या कन्सेप्टा मावशीला आज दफन करतायत," ती म्हणाली. "विमान उशिरा आलं, चर्चमधली प्रार्थना चुकली. निदान मातीला तरी पोचू दे. मला येते हो गाडी चालवता. तीन दिवस लंडनमध्ये चालवून आलेय."

"लंडनचं लंडनपाशी," टूही शेजारी बसत म्हणाले. "आधी सरावाची फेरी. डावीकडून शिरा. घाबरू नका."

"मी नाही घाबरले."

"तेच म्हणतो मी, घाबरू नका."

मार्सीनं सफाईनं गाडी आत घातली. फेरी निम्मी झाली असेल, तोच चर्चच्या रस्त्यानं शववाहिका आली आणि ‘पाहुणा’ पाटी पाहून शिस्तीत तिच्या मागे लागली. तिच्यामागे सगळं गाव, आपापल्या गाडीत.

"फेरी झाली," टूही म्हणाले. "आता दफनभूमीचा रस्ता घ्या."

मार्सीनं आरशात पाहिलं. "मागे माझी मावशी आहे. मी तिच्यापुढे कशी जाऊ? आधी तिला जाऊ दे." आणि तिनं वळण सोडून दिलं.

टूहींनी काच खाली करून मुंडी बाहेर काढली. "कफ! तू वळ ना बाबा!"

शववाहिकेचे मालक डोनल कफ यांनीही मुंडी बाहेर काढली. "पाहुण्याआधी वळायचं नाही, असं ठरलंय मॅलकी. मागच्या बैठकीत तूच बोट नाचवून सांगितलंस मला."

"मग पुढे तरी जा!"

"ओलांडायचंही नाही. त्याच बोटानं सांगितलंस."

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. अंत्ययात्रेची शेवटची गाडी मार्सीच्या पुढे येऊन ठेपली आणि वर्तुळ पुरं झालं. आता कोण कुणाच्या मागे चाललंय ते सांगणं कठीण होतं. चारी रस्त्यांवर लोक गाड्यांतून उतरून टोप्या काढून उभे राहिले. कन्सेप्टाबाईंना इतका मान हयातीत कधी मिळाला नव्हता. टूहींना घाम फुटला. नियमात फट सापडते का, हे ते पहिल्यांदाच शोधत होते आणि त्यांनी नियम फार चोख केले होते.

तेवढ्यात शववाहिकेमागच्या गाडीतून कन्सेप्टाची धाकटी बहीण डिंप्ना उतरली. ऐंशीच्या घरातली बाई काठी टेकत ताटवा तुडवत आली आणि गाडीबरोबर चालत काचेवर काठी हाणू लागली.

"मॅलकी! माझ्या बहिणीला जन्मभर या गावाबाहेर पडता आलं नाही. आता मेल्यावर तरी सोड की रे तिला!"

"डिंप्नाताई, या बाई पाहुण्या आहेत, म्हणून..."

"पाहुणी? कोण पाहुणी? माझ्या दुसऱ्या बहिणीची पोर आहे ती!" डिंप्नानं मागची पाटी खसकन उपटून टूहींच्या हातात कोंबली. "झाली घरची. आता उतर. मला भाचीजवळ बसायचंय."

पाटी गेल्याबरोबर कफ यांनी मार्सीला ओलांडून दफनभूमीचं वळण घेतलं. मार्सी त्यांच्यामागे गेली, डिंप्नामावशीचा हात हातात धरून, एका हातानं गाडी चालवत. टूही पाटी हातात घेऊन तुडवलेल्या ताटव्यात उभे होते. उरलेल्या गाड्यांनी ती पाटी पाहिली आणि एकीनंही त्यांना ओलांडलं नाही. टूहींनी हातवारे केले, शिव्या घातल्या. शेवटी सगळ्यांच्या पुढे ते चालत दफनभूमीपर्यंत गेले.

मातीनंतर चहा आणि हॅमची सँडविचं झाली. दोन माणसांनी टूहींना बशीभोवती प्रदक्षिणा घालायला सांगितली. तेही हसले, दुसरं करणार काय?

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच योजना बंद करण्याचा ठराव मांडला. तो एकमतानं फेटाळला गेला.

"मला गरज नाही रे," कफ म्हणाले, "पण बाकीच्यांचा काय भरवसा?"

डिंप्नाचंही तेच म्हणणं. सभागृहातल्या प्रत्येकाचं तेच. प्रत्येकाला स्वतःला गाडी उत्तम चालवता येत होती, योजना हवी होती ती बाकीच्यांसाठी. हे बाकीचे नेमके कोण, याचा टूहींनी घरी जाताना पुष्कळ विचार केला. सगळं गाव तर सभागृहातच होतं.

बाहेर उरलात ते फक्त तुम्ही.