कल्पिताचा आतला आवाज आणि तीन रविवार

प्रत्येक माणसाच्या आत एक आवाज असतो. तो ऐकावा, याबद्दल सर्व थोरांचं एकमत आहे. त्याने काय म्हणावं, हे मात्र घरची मंडळी ठरवतात.

शहाडच्या गोपीनाथ भोईरांची कल्पिता सत्तावीस वर्षांची. एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवा गावचा हितेश म्हात्रे तिला बघून गेला आणि कपबशा उचलायच्या आत ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मला नाय वाटत हे जमेल."

घरात विचारविनिमय झाला. इतका लवकर आणि इतका स्पष्ट आलेला आवाज आतला असूच शकत नाही, असं ठरलं. मुलाची स्वतःची बिल्डिंग होती (पाणी दिवसाआड, पण लिफ्ट रोज). तेव्हा खरा आतला आवाज ओळखता यावा म्हणून तिला डोंबिवलीच्या तीन रविवारच्या शिबिरात घालण्यात आलं.

शिबिर उत्तम होतं. एकेचाळीस शिबिरार्थी होते. त्यांपैकी अडतीस जणांचा आतला आवाज, ज्याने फी भरली त्याच्या मताशी तंतोतंत जुळला. उरलेल्या तिघांना पुढच्या बॅचमध्ये सवलत होती.

तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना कल्पिताने हात वर केला. तिचा आवाज अजून नाहीच म्हणत होता. शिबिर घेणाऱ्या संचिता मॅडमनी प्रेमाने समजावलं, की ती भीती आहे. खरा आवाज मऊ असतो आणि सहसा होकारार्थी असतो. मग तिला प्रमाणपत्र दिलं.

साखरपुड्याचा हॉल ठरला. आठवडा उरला असताना, लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत तिने हितेशला फोन केला आणि आपला आतला आवाज अजून नाहीच म्हणतोय, हे सरळ सांगून टाकलं.

"माझापण नायच बोलत होता," तो म्हणाला. "पण मॅडम बोलल्या, ती भीती आहे."

त्याला घरच्यांनी ठाण्याच्या बॅचला घातलं होतं.

फोन ठेवला तेव्हा तिच्या आत एकदम शांत होतं (हा भाग अभ्यासक्रमात नव्हता).

हॉल रद्द झाला. गोपीनाथ पंधरा दिवस लेकीशी बोलले नाहीत. आई, गोदा, तिच्याजवळ बसून मेथी निवडत म्हणाली, "आमचे टायमाला असले कोर्स नव्हते. सरळ 'चूप बस' बोलायचे." मग बराच वेळ ती एकच काडी निवडत राहिली.

कल्पिताने बरोबर केलं का, याबद्दल तुमचं मत केव्हाच झालेलं आहे. पण घाई नको. आधी घरात कोणाला तरी विचारून घ्या.