फेलोशिपवाले घर बघायला आले

आलेल्या पाहुण्यावर छाप कशी पाडावी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! मंडळी, ही बढाई नाही. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत तरी नव्हती.

माझी बायको पद्मजा वनस्पतीशास्त्रात एमएस्सी आहे, तीही पहिल्या वर्गात. लग्नात मी तिच्या वडिलांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "पीएचडी करेल ती, खर्च माझा!" त्याला एकवीस वर्षं झाली. मधल्या काळात सावनी झाली, बघता बघता बारावीला गेली, आणि पद्मजा रोज संध्याकाळी आमच्या पडवीत दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवत राहिली. मी एका शाळेत कारकून. माझा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत घरात दिसतो, पुढचे दहा दिवस पद्मजाच्या शिकवण्यांवर निघतात.

पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर, काळ्या कातळावर, नखाएवढी फुलं येतात. सगळा जीव तिचा त्या फुलांत! शेवटी वाटही तिनंच काढली. संसारात शिक्षण राहून गेलेल्या गरजू बायकांना मुंबईतला एक न्यास पीएचडीसाठी फेलोशिप देतो, हे तिनं शोधलं. फॉर्म तिनं भरला, गाईड तिनं मिळवले, मुलाखत तिनं दिली. चाळीस जणींतून तिघी उरल्या. माझ्या वाट्याला एकच काम आलं. न्यासाचा माणूस घर बघायला येईल तेव्हा घरी असायचं!

"मी तहसीलमध्ये जाऊन उत्पन्नाचा दाखला घेऊन येत्ये," त्या सकाळी ती चपला घालता घालता म्हणाली. "बाराच्या आत परत येईन. आणि हे बघा, घर आहे तसं राहू दे. काही म्हणजे काही करू नका!"

"नाही करत," मी म्हणालो.

पण मंडळी, 'घर बघायला' कुणी येणार म्हटलं की मला ताईचं पहिलं स्थळ आठवतं. मी दहा वर्षांचा होतो. मुलाचे मामा आमच्या मोडक्या खुर्चीवर बसले आणि खुर्चीसकट जमिनीवर आले. पोहे संपवून मंडळी गेली ती गेलीच! ताई माजघरात तोंडात पदर घालून रडली, ते रडणं मला अजून ऐकू येतं. त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बघायला आलेल्या माणसाला घरातलं फाटकं दिसता कामा नये!

आणि आमचा सोफा तर तीन ठिकाणी फाटलेला.

मी तडक शेजारच्या आप्पांकडे गेलो. आप्पा बागायतदार. घराला लागून साठ-सत्तर हापूसची कलमं, दारात पांढरीशुभ्र गाडी.

"आप्पा, दोन तासांपुरता तुमचा सोफा द्या!"

"मेल्या, सोफा काय घेऊन बसलास! गाडीपण ने. माझ्या अंगणात पेट्या ठेवायला जागा नाही. थांब, थोड्या पेट्या तुझ्या पडवीत लावतो. संध्याकाळी टेम्पो यायचाय."

थोड्या म्हणजे पन्नास पेट्या! पडवीत आंब्याचा घमघमाट, दारात गाडी, घरात सागवानी सोफा. भिंतीवरच्या ओलीच्या डागावर मी मोठं कॅलेंडर टांगलं. घर असं दिसायला लागलं की मलाच आत जाताना चपला काढाव्याशा वाटल्या.

अकराला रिक्षा थांबली. हातात कापडी पिशवी, खांद्याला छत्री, गुडघे धरत चालणारे एक सज्जन गृहस्थ उतरले.

"मी हरिश्चंद्र केळसकर, न्यासाकडून."

हरिश्चंद्र! मंडळी, निदान नाव ऐकून तरी मी सावध व्हायला हवं होतं.

ते सोफ्यावर बसले. हात फिरवून लाकूड बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पहिला मार्क पडला, म्हटलं!

"गाडी आपली?"

"हो तर! फार वापरत नाही हो. असते आपली दारात."

लिहिलं.

"आणि आंबे?"

"घरचेच! बाजारातला आंबा आमच्यात कुणाला पचत नाही." मी खिडकीतून हात लांब केला. "इथपासून ते पलीकडच्या गडग्यापर्यंत, सगळी कलमं!"

आप्पांचा तो दगडी गडगा केळसकरांनी चष्मा सारखा करून नीट बघितला. पुन्हा लिहिलं. मला तर उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात आपला सोफा कसा आहे ते बघायला आप्पा स्वतः आत आले! लुंगी, बनियन, हातात आंबे उतरवायची झेल्याची काठी. आता यांची ओळख काय करून द्यायची?

"हे आप्पा," मी घाईघाईनं म्हणालो. "आमच्या बागेकडे बघतात."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कॅलेंडरच्या मागे लपावंसं वाटलं! पण माणूस दिलदार. माझा चेहरा वाचला आणि शेजारधर्माला जागले.

"होय हो," आप्पा म्हणाले. "मालक लाखात एक! हेदवीची बागपण मीच बघतो."

हेदवीची बाग? मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

केळसकरांनी पान उलटलं. "वहिनींना शिकवण्या कराव्या लागतात, असं फॉर्ममध्ये आहे."

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण गाडी उताराला लागली होती!

"लागतात कसल्या? हौस हो! वेळ जात नाही म्हणून करते झालं."

बोलून मी हसलो, आणि दारात पद्मजा दिसली.

घामानं डबडबलेली, हातात उत्पन्नाचा दाखला. तिनं पडवीतल्या पेट्या बघितल्या, सोफा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"हौस?" ती म्हणाली. बस, एवढंच.

मग केळसकरांकडे वळून तिनं दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, नीट घडी केली आणि तिच्या हातात परत दिला.

"राहू दे, वहिनी. डोळ्यांनी बघितलं सगळं. ही फेलोशिप ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी असते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! ते सोयरीक जुळवायला आले नव्हते. त्यांना आमची मोडकी खुर्चीच बघायची होती!

मी धावत रिक्षा गाठली. "साहेब, गाडी माझी नाही! सोफा माझा नाही! बाग तर नाहीच नाही! भिंतीवर ओल आहे, कॅलेंडर काढून दाखवतो!"

"आम्ही निघालो की सगळे असंच म्हणतात," केळसकर थकल्या आवाजात म्हणाले.

आणि त्याच क्षणी मागून आप्पांनी एक पेटी रिक्षात ढकलली. "घ्या साहेब, आमच्या मालकांकडून!"

पेटी त्यांनी घेतली नाही. रिक्षा गेली. घरी आलो तर पद्मजा दाखला कपाटात ठेवत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. चारला मुलं आली, तिनं पडवीतल्या पेट्यांच्या मधे चटई अंथरली आणि परागीभवन शिकवायला बसली. मी आत कॅलेंडरकडे बघत राहिलो. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मी न्यासाला तीन माफीपत्रं लिहिली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पद्मजानंच मोठ्यानं वाचलं.

"'पाहणीत आपली आर्थिक सुस्थिती दिसून आली, त्याबद्दल आनंद वाटतो. यंदाची फेलोशिप आपणास देता येत नाही. उलट आपल्यासारख्या सधन कुटुंबांनी एखाद्या गरजू विद्यार्थिनीच्या पीएचडीचा खर्च उचलावा, ही विनंती.'"

तिनं कागद माझ्यासमोर ठेवला.

"उचला की," ती म्हणाली. "एक आहे माझ्या बघण्यात."

तर मंडळी, आता तो खर्च मी उचलतोय. एकवीस वर्षं उशिरा! फेलोशिप असती तर जी पीएचडी शिकवण्या सोडून तीन वर्षांत झाली असती, ती आता शिकवण्या सांभाळून सहा वर्षं चालेल. तोपर्यंत तिची नजर शाबूत राहो, कारण फुलं फार बारीक असतात. आंब्याच्या दिवसांत मी शाळा सुटली की आप्पांकडे पेट्या भरतो.

परवा मुंबईचे एक व्यापारी आले होते. आप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

"हे उन्मेष," आप्पा मजेत म्हणाले. "आमच्या बागेकडे बघतात!"

"नोकरी सांभाळून हे कशाला हो?" व्यापाऱ्यांनी विचारलं. "हौस?"

हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण गडग्यापलीकडे, आमच्या अंगणात, पद्मजा कपडे वाळत घालत होती, आणि तिचा हात दोरीवरच थांबला.

"नाही हो," मी म्हणालो. "बायको पीएचडी करत्येय, आणि पैसे पुरत नाहीत."

किती सोपं वाक्य होतं! गेल्या मे महिन्यात मी हे एवढंच बोलायला हवं होतं.