कंपनीच्या ताब्यातली खुर्ची

शेवटी विमा कंपनी सलूनकाकांची खुर्ची घेऊन गेली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. काकाही तसं काही घडलंच नाही असं समजून चालले आहेत, आणि इतकं मन लावून आजवर कुणी काही समजलेलं नाही.

तर, खुर्ची अजून व्हॅनमध्येच आहे. दुकानाची जागा सुटली तेव्हा काकांनी हाय खाल्ली नाही. व्हॅनच्या मागच्या सगळ्या सीट भंगारात दिल्या, वडिलांची लोखंडी खुर्ची तळाला वेल्डिंग करून बसवली आणि फिरतं सलून काढलं. गुडघे दुखणारी मंडळी कशीबशी आपल्या घराच्या फाटकापर्यंत येत आणि राजासारखी खुर्चीत बसत. "आता पंक्चर सोडलं तर आपला धंदा कशानेही थांबत नाही," असं काका छाती फुगवून सांगत.

काकू म्हणाल्या, तेवढं विम्याचं बघा. काका म्हणाले, बघितलं. म्हणजे, दर रविवारी दाढीला येणाऱ्या विमा एजंटाला त्यांनी विचारलं होतं की खुर्ची विम्यात धरली ना, आणि एजंट "हं" म्हणाला होता.

पंक्चर झालंच नाही. शेजारच्या बांधकामावरून पाण्याने भरलेली टाकी घरंगळली आणि थेट व्हॅनवर येऊन बसली. गिऱ्हाईक नुकतंच घरी गेलेलं, काका नळावर ब्रश धूत होते, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. व्हॅनचा मात्र चपटा डबा झाला. फक्त मधोमध छत तंबूसारखं उंच राहिलं होतं. त्याच्याखाली खुर्ची उभी होती, अंगावर एक ओरखडा नाही!

कंपनीचा सर्व्हेअर आला. गाडी पूर्ण बाद, असं त्याने जाहीर केलं. गाडीचे पैसे मिळतील, पण मागच्या सीटचे कापले जातील, कारण सीट जागेवर नाहीत. खुर्चीचे मिळणार नाहीत, कारण ती नंतर बसवलेली, तीही न कळवता.

"कळवलंय की," म्हणत काकांनी एजंटाला पुढे केलं.

एजंटाने मान खाली घातली. "काका, गळ्यावर वस्तरा असताना तुम्ही माझं घर मागितलं असतंत, तरी मी 'हं'च म्हणालो असतो."

इतकी वर्षं काकांची समजूत होती की खुर्चीत बसलेल्या सगळ्यांना आपली मतं पटतात.

मग काकू पुढे सरसावल्या. राहू दे तुमची भरपाई, म्हणाल्या, खुर्ची धडधाकट आहे, आम्ही ती कापून घरी नेतो. सर्व्हेअरने अदबीने समजावलं की गाडी बाद झाली की सांगाडा कंपनीचा, आणि सांगाड्याला जोडलेलं सगळंच कंपनीचं.

"अहो, आत्ताच तर म्हणालात, खुर्ची गाडीत धरत नाही."

"पैसे देताना नाही धरत, काकू. उचलून नेताना धरतो."

दुपारी क्रेन आली. काकांनी खुर्चीवरची धूळ पुसून दिली, दुसरं काय करणार? संध्याकाळी त्यांनी एजंटाकडूनच अर्ज लिहून घेतला. या वेळी काकांच्या हातात वस्तरा नव्हता, तरी तो प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होता.

"मा. व्यवस्थापक यांस, सविनय अर्ज की, आपल्या भंगार आवारातील खुर्ची ही आपली मालमत्ता असल्याचे मला मान्य आहे. तथापि, तीवर बसल्याखेरीज माझी जुनी गिऱ्हाइके दाढी करून घेत नाहीत. तरी आपल्या आवारात रोज सकाळी दाढी-कटिंग करण्यास परवानगी मिळावी, आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसलेले असताना त्यास सांगाड्याला जोडलेले समजण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."